‘फी फक्त दोन रुपये’: क्रिप्टोने पैसे पाठवण्याच्या खर्चाचा पूर्ण हिशेब

परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांचा हिशेब रिझर्व्ह बँकेने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. २०२३-२४ या वर्षात या पैशांत महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वांत मोठा होता, २०.५ टक्के. केरळ त्याच्या किंचित मागे, १९.७ टक्के. या आकड्यात अमेरिकेतले इंजिनिअर आहेत, तसेच दुबई, रियाध, दोहा आणि कुवेतमध्ये एसी दुरुस्त करणारी, ट्रक चालवणारी, हिशेब लिहिणारी आपली माणसेही आहेत. आपल्या शहरात रोशन गेट, किराडपुरा, कटकट गेट या भागांत एखाद्या गल्लीत विचारले, तर आखातात कोणी नाही असे घर शोधावे लागेल. त्यांच्या पैशावर शाळेची फी भरली जाते, बहिणीचे लग्न होते, अम्मीच्या औषधांचा खर्च निघतो.

या घरांपर्यंत गेल्या काही वर्षांत एक नवा सल्ला पोहोचला आहे. “बँकेला, एक्स्चेंजवाल्याला कमिशन कशाला देता? यूएसडीटी पाठवा, भाईजान. फी दोन रुपये. पाच मिनिटांत पैसे घरी.” व्हॉट्सअ‍ॅपवर, टेलिग्रामवर, कधी मशिदीबाहेर चहाच्या टपरीवर हे ऐकू येते. सांगणारा नेहमी फसवणारा असतो असे नाही. पुष्कळदा त्याने स्वतः अर्धेच गणित पाहिलेले असते. म्हणून हे गणित आपण पूर्ण मांडून पाहू या. क्रिप्टो हलाल की हराम, या प्रश्नावर उलेमांमध्ये एकमत नाही; तो प्रश्न आम्ही जाणकारांवर सोडतो. आपला प्रश्न साधा आहे: ही फी नेमकी कशाची, ती कमी कशी होते, आणि ती कमी झाल्यावरही खिशातून किती जाते?

फी म्हणजे बसमधली जागा

ईदच्या आदल्या दिवशी पुण्याहून आपल्या शहराकडे येणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सचे तिकीट काय होते, हे सर्वांना माहीत आहे. गाडी तीच, रस्ता तोच, पण दर दुप्पट-तिप्पट. कारण सीट मोजक्या आणि माणसे जास्त. क्रिप्टोची नेटवर्क फी हा याच जातीचा प्रकार आहे.

बिटकॉइनच्या जाळ्यात सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ‘ब्लॉक’ तयार होतो. ब्लॉक म्हणजे एक गाडी समजा. त्यात जागा ठरलेली. जगभरातून व्यवहार येऊन रांगेत थांबतात आणि ब्लॉक बनवणारे, ज्यांना मायनर म्हणतात, ते जास्त फी देणाऱ्याला आधी आत घेतात. गर्दी नसेल तर फी अगदी कमी. गर्दी उसळली की लिलाव सुरू होतो. २० एप्रिल २०२४ ला बिटकॉइनच्या जाळ्यावर नव्या प्रकारच्या टोकनांसाठी झुंबड उडाली, तेव्हा एका व्यवहाराची सरासरी फी सव्वाशे डॉलरच्या पुढे गेली होती. म्हणजे दहा हजारांपेक्षा जास्त रुपये, फक्त पाठवण्याचे. काही दिवसांतच ती पुन्हा खाली आली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ही फी रकमेवर टक्केवारीने लागत नाही. ट्रॅव्हल्सवाला पोत्यात सोने आहे की कांदे आहेत हे पाहत नाही, पोते किती जागा अडवते ते पाहतो. तसेच इथे व्यवहाराची माहिती किती जागा घेते, त्यावर फी ठरते. पाच हजार पाठवा की पाच लाख, व्यवहाराची रचना सारखी असेल तर फी सारखीच. पाच लाखवाल्याला ती जाणवत नाही. पाच हजारवाल्याचे कंबरडे मोडते. क्रिप्टोला ‘गरिबाची बँक’ म्हणणाऱ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा.

आकड्यांत पाहू. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात. एका भागाला सातोशी म्हणतात. समजा बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये आहे, म्हणजे एक सातोशी ८ पैशांचा. साधा व्यवहार जागेच्या मापात साधारण १४० एकके घेतो. दर एककाला १० सातोशी असेल, तर १,४०० सातोशी, म्हणजे ११२ रुपये. गर्दीत दर १०० सातोशी झाला, तर तोच व्यवहार १,१२० रुपयांना पडतो.

आता दुसरी बाजू. एखाद्याने वीस वेळा थोडे-थोडे बिटकॉइन घेतले आणि एकदम पाठवायला काढले, तर ते वीस तुकडे व्यवहारात वेगवेगळे मोजले जातात. दहा-दहाच्या नोटांनी दहा हजार देण्यासारखे आहे ते. रक्कम तीच, गठ्ठा मोठा. अशा व्यवहाराला १४० ऐवजी साधारण १,४०० एकके जागा लागते, आणि ११२ रुपयांचे काम अकराशे रुपयांच्या पुढे जाते. महिन्याला पाचशे-पाचशेचे बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये साठवणाऱ्या तरुणांना हे कोणी सांगत नाही.

इथेरियमचा ‘गॅस’

दुसरे मोठे जाळे इथेरियमचे. तिथे नुसते पैसे पाठवले जात नाहीत, छोटे-छोटे प्रोग्रॅमही चालतात. म्हणून तिथे जागेऐवजी काम मोजतात, आणि त्या मापाला ‘गॅस’ म्हणतात. सिलिंडरचा गॅस जसा चहाला कमी आणि बिर्याणीच्या देगीला जास्त लागतो, तसेच. साधे इथर पाठवायला २१,००० गॅस लागतो. यूएसडीटीसारखे टोकन पाठवायला त्याच्या दुप्पट ते तिप्पट. एक नाणे देऊन दुसरे घेण्याच्या व्यवहाराला आणखी जास्त.

गॅसचा दर ‘ग्वे’ या एककात असतो. एका इथरचे शंभर कोटी ग्वे. दर २० ग्वे असेल, तर साध्या व्यवहाराला ४,२०,००० ग्वे, म्हणजे ०.०००४२ इथर. इथर अडीच लाख रुपयांचा धरला तर १०५ रुपये. ६५,००० गॅस खाणाऱ्या टोकनच्या व्यवहाराला ३२५ रुपये. दर १ ग्वेवर उतरला तर हेच आकडे अनुक्रमे पाच आणि सोळा रुपयांवर येतात. १०० ग्वेवर चढला तर ५२५ आणि १,६२५ रुपये. तेच काम, तोच माणूस, फरक फक्त वेळेचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये इथेरियमने फीची पद्धत बदलली. आता फीचे दोन भाग असतात. मूळ दर जाळे स्वतः गर्दी पाहून ठरवते आणि ती रक्कम कायमची नष्ट केली जाते. वर थोडी ‘टिप’ द्यायची, ती ब्लॉक बनवणाऱ्याला मिळते. यामुळे फीचा अंदाज बांधणे सोपे झाले. फी कमी झाली असे मात्र नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने विजेचा प्रचंड वापर थांबवणारा मोठा बदल केला. त्याने फी उतरेल असे पुष्कळांना वाटले होते. ती उतरली नाही, कारण गाडीतल्या सीट वाढल्या नव्हत्या.

आणखी एक कडू गोष्ट. इथेरियमवर व्यवहार मध्येच फसला, तरी खर्च झालेला गॅस परत मिळत नाही. रिक्षा अर्ध्या रस्त्यात बंद पडली तरी मीटरचे पैसे द्यायचे, असा हा मामला.

मुंबईतून निघालेला तोडगा आणि एटापल्लीची प्रमाणपत्रे

ही फी कमी करण्याच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचे नाव जगभर गेले, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. २०१७ च्या अखेरीस ‘क्रिप्टोकिटीज’ नावाच्या, मांजरांची चित्रे विकण्याच्या एका खेळाने इथेरियमचे जाळे तुंबवून टाकले होते. त्याच सुमारास जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन या तरुणांनी मुंबईतून ‘मॅटिक नेटवर्क’ सुरू केले. कल्पना अशी: प्रत्येक छोटा व्यवहार मुख्य रस्त्यावर कशाला न्यायचा? बाजूला एक स्वस्त रस्ता काढा, व्यवहार तिथे होऊ द्या, आणि ठरावीक वेळाने सगळ्यांचा एकत्र गोषवारा इथेरियमवर नोंदवा. खर्च सगळ्यांत वाटला जातो. २०२१ मध्ये मॅटिकचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. तिथे एरवी एका व्यवहाराची फी पैशांत किंवा फार तर काही रुपयांत असते.

याचा उपयोग फक्त सट्ट्यासाठी झाला असे नाही. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागाने सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉनवर करण्याचे काम हाती घेतले. लेजिटडॉक ही कंपनी त्यात सोबत होती. प्रमाणपत्रातली माहिती तिथे ठेवायची नसते. त्या कागदाचा एक गणिती ठसा, ज्याला ‘हॅश’ म्हणतात, तेवढा नोंदवायचा. मग क्यूआर कोड स्कॅन केला की कागद खरा की बनावट ते कळते. जातप्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी कार्यालयांचे किती खेटे मारावे लागतात, हे आपल्या ओबीसी बिरादऱ्यांतल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

आता हेच काम थेट इथेरियमवर, एकेक कागद वेगळा करून केले असते तर? समजा एका नोंदीला २०० रुपये. ६५,००० नोंदींचे एक कोटी तीस लाख रुपये झाले असते. कोणते तहसील कार्यालय हा खर्च करेल? फी काही पैशांवर आली की तेच काम शक्य कोटीत येते. ठसे एकत्र बांधून एकाच व्यवहारात नोंदवले, तर खर्च आणखी घटतो. फी कमी होण्याचे खरे मोल इथे दिसते. सट्टेबाजाचे दोन रुपये वाचतात, पण गरिबाचा कागद टिकतो.

पुढे मार्च २०२४ मध्ये इथेरियमने ‘डेनकुन’ नावाची सुधारणा केली. पॉलिगॉनच्या धर्तीवर, पण इथेरियमला अधिक घट्ट बांधलेली आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस अशी जाळी आहेत. त्यांना आपला गोषवारा ठेवायला या सुधारणेने वेगळी स्वस्त जागा करून दिली, आणि तिथली फी झपाट्याने पडली. म्हणजे “फी फक्त दोन रुपये” हे वाक्य तांत्रिक दृष्टीने खोटे नाही. ते अपुरे आहे.

फी कमी करण्याचे रास्त मार्ग

ज्यांच्याकडे कायदेशीर मार्गाने घेतलेले क्रिप्टो आहेच, त्यांच्यासाठी काही गोष्टी उपयोगाच्या आहेत.

वेळ पाहा. अमेरिका आणि युरोप एकाच वेळी जागे असतात तेव्हा, म्हणजे आपल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, जाळ्यावर गर्दी जास्त असते. आपली सकाळ, दुपारची सुरुवात आणि रविवार सहसा स्वस्त. घाई नसेल तर थांबा. बिटकॉइनसाठी ‘मेंपूल’ आणि इथेरियमसाठी ‘इथरस्कॅन’ या संकेतस्थळांवर त्या क्षणाचा दर फुकट पाहता येतो.

वॉलेट सुचवेल ती फी डोळे झाकून देऊ नका. बहुतेक वॉलेटमध्ये हळू, मध्यम, वेगवान असे पर्याय असतात. बिटकॉइनवर फी कमी पडून व्यवहार अडकला, तर पैसे बुडत नाहीत. अनेक वॉलेटमध्ये नंतर फी वाढवून तोच व्यवहार पुढे ढकलता येतो. “अडकलेला व्यवहार सोडवून देतो, तुमचे बारा शब्द पाठवा” म्हणणाऱ्याला ते शब्द कधीच देऊ नका. ते शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली.

सुटे तुकडे गर्दी नसताना एकत्र करून ठेवा. दहा वेळा थोडे-थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा.

जाळे जुळते का ते पाहा. यूएसडीटी एकच असले तरी ते इथेरियमवर, ट्रॉनवर, पॉलिगॉनवर अशा वेगवेगळ्या जाळ्यांवर चालते. पाठवणाऱ्याने स्वस्त जाळे निवडले आणि घेणाऱ्याच्या एक्स्चेंजवर ते चालतच नसेल, तर रक्कम अडकते, कधी कायमची जाते. आधी छोटी रक्कम पाठवून खात्री करणे हाच शहाणपणा. ट्रॉनवर आणखी एक बारकावा आहे. ज्या पत्त्यावर आधी कधी यूएसडीटी आलेले नाही, तिथे पहिल्यांदा पाठवताना फी जवळपास दुप्पट लागते. आणि फी तिथल्या ‘टीआरएक्स’ या नाण्यात द्यावी लागते. ते खात्यात नसेल तर यूएसडीटी असूनही हलत नाही.

शेवटची गोष्ट, एक्स्चेंज घेते ती ‘विड्रॉवल फी’ आणि जाळ्याची फी या दोन वेगळ्या रकमा आहेत. जाळ्यावर दोन रुपये लागत असताना एक्स्चेंज ठरावीक ऐंशी-शंभर रुपये घेऊ शकते. दरपत्रक आधी वाचा.

पावतीच्या मागच्या बाजूचा खर्च

आता आखातातला मुलगा आणि इथले घर यांचा हिशेब मांडू. मुलाने तिकडे दिरहम देऊन यूएसडीटी घेतले. एक यूएसडीटी साधारण एका डॉलरइतके, पण विकणारा थोडे वर लावतो. ते घरी आले. आता किराणावाला यूएसडीटी घेत नाही. रुपये करावे लागतात.

समजा इथल्या एक्स्चेंजवर एक लाख रुपयांचे यूएसडीटी विकले. एक्स्चेंजचे शुल्क अर्धा टक्का धरू: ५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी: ९० रुपये. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस, म्हणजे १,००० रुपये. वर्षातली एकूण विक्री ठरावीक मर्यादेत असेल तर हा टीडीएस लागत नाही, पण ती मर्यादा कोणाला १०,००० तर कोणाला ५०,००० इतकीच आहे. दरमहा घरखर्च पाठवणारा ती दोन-तीन महिन्यांत ओलांडतो. टीडीएस विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण आपल्यातली किती घरे तो मागतात?

१,५९० रुपये इथेच गेले. जाळ्याची फी त्यात दोन धरा की वीस, फरक काय पडतो?

नफा झाला तर त्याचे गणित आणखी कठोर आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला, वर ४ टक्के सेस. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. म्हणजे आपण ज्या फीची एवढी चर्चा केली, ती पाठवणीची फी कर मोजताना धरलीच जात नाही. एक लाखाचे घेतले, एक लाख पाच हजारांना विकले, मध्ये दोन हजार फीत गेले. हातात तीन हजार उरले, पण कर पाच हजारांवर: १,५०० आणि सेस धरून १,५६०. एका नाण्यात दहा हजारांचा फायदा आणि दुसऱ्यात दहा हजारांचा तोटा झाला, तर हातात शून्य, तरीही कर ३,१२० रुपये. तोटा वजाही होत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही.

सर्वांत महाग फी: गोठलेले खाते

इथपर्यंत टक्केवारीची गोष्ट होती. यापुढची गोष्ट घर हादरवणारी आहे.

टीडीएस आणि शुल्क वाचवायला पुष्कळ लोक यूएसडीटी थेट दुसऱ्या माणसाला विकतात. टेलिग्रामवर गिऱ्हाईक भेटते, भाव बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देते, यूपीआयने खात्यात पैसे टाकते. सगळे सुरळीत वाटते. हे पैसे कुठून आले, हे आपल्याला माहीत नसते. एखाद्या पेन्शनर आजोबांना ‘डिजिटल अटक’ची भीती घालून लुटलेले ते असू शकतात. आजोबा १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतात. पोलिस पैशाचा माग काढत एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात येतात, आणि त्या साखळीत आपले खाते असते. बँक खाते गोठवते. तक्रार दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या पोलिसांशी पत्रव्यवहार, वकील, फेऱ्या. तोवर घरभाडे, शाळेची फी, ऑपरेशनचे पैसे सगळे अडकलेले. “आम्हाला माहीत नव्हते” हे खरे असले, तरी सिद्ध आपल्यालाच करावे लागते.

याचीच दुसरी बाजू आम्हा शिक्षकांना जास्त घाबरवते. बारावी झालेल्या, नोकरी शोधणाऱ्या मुलांना सांगितले जाते: “तुझे खाते फक्त वापरायला दे, पैसे येतील, त्याचे यूएसडीटी घेऊन पुढे पाठव, तुला कमिशन.” याला तपास यंत्रणा ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात, म्हणजे ओझे वाहणाऱ्या खेचराचे खाते. अशी खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली बनवली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मालेगावचे प्रकरण सर्वांनी वाचले. कामाचे आमिष दाखवून तरुणांची कागदपत्रे घेतली गेली, त्यांच्या नावाने सहकारी बँकेत खाती उघडली गेली, त्यातून शंभर कोटींहून जास्त रक्कम फिरली, आणि ईडीचे छापे पडले. त्यावर जे राजकारण झाले ते झाले. आपल्यासाठी धडा वेगळा आहे. आधार, पॅन आणि सही दुसऱ्याच्या हाती गेली, की नाव आपले आणि व्यवहार त्याचा. खाते ही अमानत आहे, ती भाड्याने द्यायची वस्तू नाही. आणि असे काही घडले की एका पोराचे नाव पुरत नाही, सगळ्या वस्तीकडे बोट दाखवले जाते.

‘आधी फी भरा, मग पैसे काढा’

फी या शब्दाभोवती आणखी एक जाळे विणलेले आहे. अ‍ॅपवर तुमचे पन्नास हजार वाढून चार लाख झालेले दिसतात. काढायला गेले की संदेश येतो: आधी गॅस फी भरा. ती भरली की कर भरा. तो भरला की ‘खाते उघडण्याची अनामत’. चार लाख कधीच नव्हते; स्क्रीनवरचे आकडे होते.

ओळखण्याची खूण सोपी आहे, आणि ती वरच्या माहितीतूनच निघते. खऱ्या जाळ्याची फी त्या व्यवहारातच, त्याच जाळ्याच्या नाण्यात कापली जाते. ती कोणाच्या यूपीआयवर किंवा बँक खात्यात वेगळी भरायची नसते. ती रकमेच्या दहा टक्के, वीस टक्के अशी नसते. आणि आयकर कोणतेही अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवर मागत नाही. असे कोणी मागितले, तर पुढचा एक रुपयाही देऊ नका. लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर पैसे वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त असते.

आपल्या जिल्ह्याने या बाबतीत पुरेसे भोगले आहे. डीएमआयसीत जमिनी गेलेल्या बिडकीन परिसरातल्या शेतकऱ्यांचा मोबदला ‘तीस-तीस’ योजनेने गिळला. आदर्श पतसंस्थेच्या ठेवीदारांनी २०२३ च्या उन्हाळ्यानंतर रस्त्यावर येऊन आक्रोश केला. गेनबिटकॉइन योजनेने दरमहा दहा टक्क्यांचे आश्वासन देऊन देशभरातल्या लोकांना बुडवले. नोंदणीकृत एक्स्चेंजही तिजोरी नव्हे. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्सवरून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचे क्रिप्टो चोरीला गेले आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. तिथे फी कितीही कमी असती, तरी काय उपयोग होता?

मग मुलाने पैसे कसे पाठवावेत?

आखातातून कायदेशीर मार्गाने पैसे पाठवण्याचा खर्च जगाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. जागतिक बँकेच्या मोजणीत २०० डॉलर पाठवण्याचा जागतिक सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या वर राहिला आहे; संयुक्त राष्ट्रांचे लक्ष्य २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणण्याचे आहे. आखात ते भारत या मार्गावर स्पर्धा मोठी असल्याने तो बराच कमी पडतो. तोही आणखी कमी करता येतो, आणि युक्त्या ओळखीच्याच आहेत. तीन एक्स्चेंज हाउसचे दर एकाच दिवशी विचारा. ‘फी शून्य’ या पाटीवर जाऊ नका, हातात रुपये किती पडतात ते विचारा, कारण शुल्क नसले तर ते विनिमय दरात लपलेले असते. दर आठवड्याला थोडे पाठवण्यापेक्षा महिन्यातून एकदा पाठवा.

बँकेतून आलेल्या पैशाचा आणखी एक फायदा फीच्या कोष्टकात दिसत नाही. त्याचा कागद राहतो. उद्या पडेगावला प्लॉट घ्यायचा, घरकर्ज काढायचे, मुलीला परदेशी शिकायला पाठवायचे, तर पैसा कुठून आला हे दाखवता येते. घरखर्चाचे पैसे क्रिप्टोने आणणे हा परकीय चलन कायद्याखालचा मान्य मार्ग नाही. हुंडी-हवाल्याचेही आधी असेच सांगितले जायचे: स्वस्त, झटपट, घरपोच. आणि अडचण आली की सांगणारा सापडत नसे.

तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवा असे आमचे म्हणणे नाही. आपल्या मुलामुलींनी हे जाळे आतून समजून घ्यावे, पॉलिगॉनसारखे काही उभे करावे, एटापल्लीसारखी कामे आपल्या वक्फच्या नोंदींसाठी, मदरशांच्या आणि शाळांच्या दाखल्यांसाठी करून दाखवावीत. त्या ज्ञानाला मोल आहे. पण दुबईच्या उन्हात बारा तास उभे राहून कमावलेला पैसा घरी आणायचा असेल, तर “फी किती?” एवढ्या एका प्रश्नावर थांबू नका. रुपये हातात किती पडतील, कागद मिळेल का, आणि काही बिघडले तर दार कोणाचे ठोठावायचे, हेही विचारा. तिन्ही उत्तरे नीट देणाऱ्यालाच पैसे सोपवा.